रक्त नेलं, तर कागदही आणा: नागपुरात संशोधनात लोकांना सोबत घेताना

उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत बऱ्याच वर्षांपूर्वी मी सिकलसेल या आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराच्या अभ्यासासाठी घरोघरी फिरले होते. शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडलं, दोन दिवस रांग लागली, नमुने बर्फाच्या डब्यातून प्रयोगशाळेत गेले आणि काम झालं असं आम्ही धरून चाललो. दीडेक वर्षाने दुसऱ्याच कामासाठी त्या वस्तीत गेले, तर एका बाईने मला रस्त्यातच अडवलं. "मॅडम, माह्या पोरीचं रक्त नेलं तुम्ही, कागद काही आणला नाही जी."

मुलीची सोयरीक चालली होती. मुलगी एएस, म्हणजे सिकलसेलचा गुण अंगात असलेली, आहे की नाही, हे आईला आधी कळायला हवं होतं. मी चौकशी केली. प्रकल्प संपला होता, माणसं पांगली होती, अहवाल कुणाच्या कपाटात आहेत हे सांगायलाही कुणी उरलं नव्हतं. शेवटी मुलीला पुन्हा दवाखान्यात नेलं, पुन्हा सुई टोचली. त्या आईने मला एक शब्दही बोल लावला नाही. तेच मला जास्त लागलं.

हा लेख या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी आहे: मेडिकल, मेयो (दोन्ही इथली सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं) किंवा मिहानमधल्या एम्समध्ये थीसिसचा विषय शोधणारे निवासी डॉक्टर, समाजकार्याचे आणि नर्सिंगचे विद्यार्थी, संस्थेत नुकतेच लागलेले कार्यकर्ते. शेवटी वस्तीतल्या माणसांसाठीही थोडं लिहिलं आहे.

आधी हे नक्की करा: लोकांना कशासाठी बोलावताय

रक्त देणं, फॉर्म भरून देणं, गोळी घेऊन पाहणं हा अभ्यासातला एक भाग झाला. अभ्यास कशाचा करायचा, कसा करायचा, निघालेलं उत्तर कुणाला आणि कसं सांगायचं हे ठरवताना लोक सोबत असणं ही निराळी गोष्ट आहे. ब्रिटनमध्ये १९९६ साली याच कामासाठी इन्व्हॉल्व्ह नावाची सरकारी निधीवर चालणारी यंत्रणा उभी राहिली. संशोधन लोकांबरोबर किंवा लोकांनी स्वतः करायचं, नुसतं त्यांच्यावर किंवा त्यांच्याविषयी करायचं नाही, ही तिची मांडणी होती.

पण त्यासाठी इतक्या दूर जायचंही कारण नाही. आपल्या शेजारी गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी दवाखाना बांधण्याआधी आदिवासींना विचारलं की तो कसा हवा. मोठ्या इमारतीची लोकांना भीती वाटत होती, म्हणून झोपड्यांसारख्या रचनेचा दवाखाना झाला आणि त्याला दंतेश्वरी देवीचं नाव मिळालं. गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवण्याचा त्यांचा प्रयोग १९९९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ३९ गावांत नवजात मृत्युदर तुलनेतल्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी खाली आला होता. ज्यांना अडाणी म्हणून बाजूला ठेवलं जातं, त्या बायकांनी हे करून दाखवलं.

पायरी १: प्रश्न घेऊन जाऊ नका, प्रश्न आणायला जा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बहुतेक जण उलटं करतात. प्रोटोकॉल म्हणजे अभ्यासाचा आराखडा तयार होतो, एथिक्स कमिटीची म्हणजे अभ्यास लोकांच्या दृष्टीने योग्य आहे का ते तपासणाऱ्या समितीची मंजुरी येते, आणि मग वस्तीत जाऊन "सहकार्य करा" म्हणतात. तोवर लोकांच्या हातात काही बदलण्यासारखं उरलेलंच नसतं.

खर्र्याचंच घ्या. नागपुरात पानठेला नाही असा चौक सापडायचा नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून तयार होणारा खर्रा शाळकरी पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांच्या खिशात. गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली, खर्रा मात्र डोळ्यांसमोर घोटला जातो. या विषयावर थीसिस घेणाऱ्या मुलांच्या मनात पहिला प्रश्न ठरलेला असतो: अमुक भागात किती टक्के लोक खातात? त्याचं उत्तर वस्तीला माहीतच आहे. वस्तीचे प्रश्न वेगळे असतात. असाच एक विषय घेऊन आम्ही दहा-बारा जणांबरोबर बसलो, तेव्हा निघालेले प्रश्न माझ्या वहीत अजून आहेत.

एका ऑटोचालकाने विचारलं, "सोडला तर तोंड पुन्हा पहिल्यासारखं खुलते का?" एका आईने विचारलं, "याचे बाबा पोरालेच पुडी आणाले पाठवतात. पोराले नाही म्हणाले कसं शिकवू?" मिस्त्रीकाम करणारा एक जण म्हणाला, भर उन्हात स्लॅबवर उभं राहायचं तर खर्रा तोंडात लागतोच, भूक मरते, तर त्याच्या जागी काय तोंडात टाकायचं? आणि पानठेल्यावाला, ज्याला बोलवायला आमच्यातले दोघे तयारच नव्हते, त्याने शांतपणे विचारलं, "मी खर्रा बंद केला तर त्या जागी काय विकू?"

यातल्या प्रत्येक प्रश्नावर एक चांगला अभ्यास उभा राहू शकतो. ऑटोचालकाच्या प्रश्नाचं उत्तर तर तिथल्या तिथे द्यायचं होतं: सुपारीने तोंडाच्या आतली कातडी एकदा घट्ट झाली की ती पूर्ववत होणं फार कठीण, पण लवकर सोडला तर आजाराची पुढची चाल रोखता येते. लोक स्वतःची लक्षणं कोणत्या शब्दांत सांगतात, तेही त्याच बैठकीत कळलं. "मुख उघडण्यास त्रास" असं कुणी म्हणत नाही. ते म्हणतात, "सावजी खाल्लं की तोंड जळते, आधी नव्हतं जळत." तिखटाने होणारी जळजळ हे या आजाराचं सुरुवातीचं लक्षण आहे. झणझणीत रस्सा आवडीने खाणाऱ्या या शहरात प्रश्नावलीचा पहिला प्रश्न हाच असायला हवा, आणि तो आम्हाला डॉक्टरांकडून नाही, त्या ऑटोचालकाकडून मिळाला.

पायरी २: माणसं जमवा, पण एकाच दारातून नको

आशाताईंकडे सगळेच जातात. जावंही, पण तिच्यावरच विसंबू नका. तिच्या डोक्यावर आधीच सतरा रजिस्टरं असतात, आणि ती ज्यांना बोलावते ते बहुधा तिचं ऐकणारेच असतात. शहरी वस्त्यांत महिला आरोग्य समित्या आहेत, गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती आहे. त्या नुसत्या कागदावर आहेत की खरोखर बसतात, ते आधी पाहा. ओपीडीच्या बाहेर पेशंटसोबत आलेली माणसं, बुद्धविहारातलं महिला मंडळ, मोमिनपुऱ्यातल्या शिवणकाम करणाऱ्या बायका, विणकरांच्या गल्लीतले म्हातारे, अशा तीन-चार ठिकाणांहून माणसं घ्या. ज्यांनी मागे एखाद्या अभ्यासात नाव दिलं आणि मधेच सोडलं, त्यांना मुद्दाम शोधा. का सोडलं, हे त्यांच्याइतकं कुणी सांगणार नाही.

रामटेक-पारशिवनीकडच्या गावांत जाणार असाल तर गोंडी बोलणारं कुणी सोबत हवंच. शहरातही अर्ध्या वस्त्यांत बैठक हिंदीत सुरू होते आणि मराठीत संपते. त्याला अडवू नका.

आणि आठ डॉक्टरांच्या बैठकीत एकच पेशंट कधी बसवू नका. तो मान डोलावून निघून जातो. निदान दोघे-तिघे असू द्या, म्हणजे एकमेकांकडे पाहून त्यांना बोलायचा धीर येतो.

पायरी ३: बैठक

दुपारी बाराला बैठक ठेवली की येतात ते फक्त रिकामे पुढारी. घरकाम करणाऱ्या बाया तीन-चारला परततात, रोजंदारीवाले अंधार पडल्यावर. एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेसहा किंवा संध्याकाळी साडेसात याशिवाय वेळच नाही. पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना पत्र्याच्या समाजमंदिरात लोकांना उष्माघाताची माहिती द्यायला बसवणं हे मी पाहिलेलं आहे. खेड्यात कापूस वेचणीच्या दिवसांत जाऊ नका.

सगळे सतरंजीवर बसा. डॉक्टर खुर्चीवर आणि लोक खाली असं झालं की बैठकीचं भाषण होतं. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना खुर्ची द्या, मग ते कुणीही असोत. पांढरा कोट गाडीत ठेवा. चहा आधी द्या, शेवटी नको. पहिला अर्धा तास तुमच्या तोंडून प्रश्नाशिवाय काही निघू नये, आणि लोक जे बोलतील ते त्यांच्याच शब्दांत उतरून घ्या.

पैशाचं मोकळेपणाने बोला. बैठकीसाठी कुणाची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडत असेल तर ती भरून द्या, येण्याजाण्याचं भाडंही द्या. राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांमध्ये हे बसतं. रक्कम इतकी मोठी मात्र नको की माणूस पैशापायीच जोखीम पत्करेल. बजेटमध्ये आणि समितीला दिलेल्या कागदात ती आधीच लिहा. शक्यतो रोख, त्याच दिवशी द्या. तीनशे रुपयांसाठी पासबुकाची झेरॉक्स मागितली की माणूस पुढच्या वेळी येत नाही.

पायरी ४: एथिक्स कमिटी

आयसीएमआरची म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आणि नवीन औषधे व क्लिनिकल ट्रायलचे २०१९चे नियम हे दोन्ही दस्तऐवज स्वतः वाचा, सिनिअरने सांगितलेल्या सारांशावर राहू नका. थोडक्यात इतकं: समितीत किमान सात जण, त्यातले निदान निम्मे त्या संस्थेबाहेरचे, अध्यक्षही बाहेरचाच. एक कायद्याचा जाणकार, एक समाजशास्त्र किंवा सामाजिक संस्थेकडचा सदस्य, महिला सदस्य, आणि एक सामान्य नागरिक, ज्याचा वैद्यकीय पेशाशी संबंध नाही.

हा सामान्य सदस्य फार मोलाचा असतो आणि अनेकदा गप्प बसवला जातो. स्थानिक भाषा आणि इथल्या माणसाचं मन त्याला कळतं म्हणून तो तिथे आहे. तुमचं माहितीपत्रक त्याला कळलं नाही, तर ते कुणालाच कळणार नाही असं समजा.

लोकांचा सल्ला घेण्यासाठी बसणं आणि लोकांकडून माहिती गोळा करणं यातली रेघ बारीक आहे. बोलणं रेकॉर्ड करणार असाल किंवा पुढे छापणार असाल, तर समितीच्या सचिवांना आधी लेखी विचारा.

ट्रायल असेल, म्हणजे औषध लोकांना देऊन पाहायचं असेल, तर पहिला पेशंट घेण्याआधी सीटीआरआयवर म्हणजे भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत नोंद लागते. ही नोंदवही जुलै २००७मध्ये सुरू झाली आणि १५ जून २००९पासून ट्रायलची नोंद सक्तीची झाली. आजाराचं नाव टाकून ती कुणालाही पाहता येते, हे तुमच्या लोकांना मोबाइलवर उघडून दाखवा.

पायरी ५: संमतीपत्राची भाषा

एका माहितीपत्रकात लिहिलं होतं, "आपण सिकलसेल वाहक असू शकता." वस्तीतल्या आजीने ते नातवाकडून वाचून घेतलं आणि म्हणाली, "आमच्या घरात कोणी एसटीत नाही." तिचं काय चुकलं? एसटीच्या दारावर वर्षानुवर्षं चालक आणि वाहक हेच दोन शब्द तिने पाहिलेत. आम्ही ते वाक्य काढलं आणि तिथल्या बायकांनी सुचवलेलं घातलं: "तुमच्या अंगात सिकलसेलचा गुण असू शकतो. तुम्हाला आजार नसतो, पण नवरा आणि बायको दोघांच्याही अंगात हा गुण असला तर प्रत्येक बाळंतपणात चारातली एक शक्यता अशी असते की बाळाला आजार होईल." लांब झालं, पण आजीला ते एकदा ऐकून परत सांगता आलं. कसोटी हीच धरा: वाचून दाखवा, कागद मिटा आणि म्हणा, "आता तुम्ही मला सांगा." जिथे अडखळतील ते वाक्य बदला.

ट्रायलमध्ये कुणाला औषध आणि कुणाला औषध नसलेली साधी गोळी मिळणार हे नशिबावर सोडतात, त्यासाठीचा "यादृच्छिक" हा शब्द कुणाच्या घरात बोलला जात नाही, चिठ्ठी टाकणं सगळ्यांना कळतं. मात्र चिठ्ठी म्हटल्याबरोबर पुढचा प्रश्न येणारच, आणि तो यायलाच हवा: "मला नुसती साधी गोळी निघाली अन् माझा आजार वाढला तर?" त्याचं उत्तर पत्रकात आधीच लिहिलेलं असू द्या. रक्त किती काढणार हे मिलीलीटरमध्ये लिहा आणि तोंडाने सांगा, पाच मिलीलीटर म्हणजे चहाचा एक चमचा. रिकामी नळी हातात द्या. बाटलीभर रक्त नेऊन विकतात ही अफवा पुसायला त्या नळीइतकं काही कामी येत नाही.

"सही" या शब्दाची भीती वेगळीच आहे. ऑपरेशनच्या आधी नातेवाइकांकडून सही घेतात, तेव्हा "काही झालं तर दवाखाना जबाबदार नाही" असंच लोकांच्या कानावर पडलेलं असतं. त्यामुळे संशोधनाच्या कागदावर सही म्हणजे आपला हक्क सोडणं, असं ते धरून बसतात. त्यांना स्पष्ट सांगा: ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार मोफत मिळतात, इजा ट्रायलमुळेच झाल्याचं ठरलं तर नुकसानभरपाई मिळते, कधीही बाहेर पडता येतं आणि बाहेर पडलं म्हणून दवाखान्यातले उपचार थांबत नाहीत. वाचता येत नसेल तर दवाखान्याचा किंवा अभ्यासाचा नसलेला साक्षीदार बसवा. एक प्रत त्यांच्या घरी राहू द्या. नवऱ्याने सही केली म्हणजे बायकोची संमती झाली असं नाही, आणि सात वर्षांवरच्या मुलाला त्याच्या वयाला समजेल असं सांगून त्याचंही मत घ्यायचं असतं.

पायरी ६: आरोग्यशिक्षण

आमच्याकडे आरोग्यशिक्षण म्हणजे पोस्टर आणि भाषण असं समीकरण झालं आहे, आणि याच विदर्भाच्या मातीत गाडगेबाबा होऊन गेले. त्यांच्या कीर्तनात बाबा प्रश्न विचारत आणि लोक उत्तर देत. ऐकणाऱ्याच्या तोंडूनच ते वदवून घेत. हातात खराटा असायचा, म्हणजे सांगणं आणि करणं एकाच माणसाकडे होतं. नवीन मुलांना मी सांगते, अर्ध्या तासाच्या कार्यक्रमात तुमचं बोलणं दहा मिनिटांच्या वर गेलं तर कार्यक्रम फसला.

नागपूरकरांकडे स्वतःची साधनं आहेत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, बडग्यांच्या म्हणजे सोबतच्या पुतळ्यांच्या गळ्यात पाट्या असतात आणि सगळा महाल-इतवारी "घेऊन जा गे मारबत" ओरडतो. रोगराई शहराबाहेर हाकलायचा सण यापेक्षा वेगळा कुठे मिळेल? मोहल्ल्यातल्या पोरांना डेंगू किंवा खर्र्याचा बडग्या करू द्या, पाटीवरची ओळ त्यांचीच असू द्या, तुम्ही फक्त ती चुकीची नाही ना एवढं पाहा. भंडारा-उमरेडकडे खडी गंमत या लोकनाट्याचे शाहीर आहेत, त्यांना मुद्दे द्या आणि बाकी त्यांच्यावर सोडा. शाळेत गेलात तर तोंडाची तपासणी पोरांना एकमेकांची करू द्या: तीन बोटं उभी तोंडात जातात का? घरी जाऊन ती बापालाही तीन बोटं घालायला लावतात. मी पाहिलंय.

एक सावधगिरी मात्र नेहमी ठेवा. सिकलसेलची माहिती देताना "अमुक समाजाचा आजार" असं चुकूनही म्हणू नका. १ जुलै २०२३ रोजी शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचं तिचं लक्ष्य आहे. इतक्या मोठ्या प्रमाणात निकाल घरोघरी जाणार असतील, तर एकेका मुलीची सोयरीक मोडण्याइतकी ताकद त्या कागदात आहे हे विसरू नका.

पायरी ७: परत जा

अभ्यासाचं बजेट लिहिता तेव्हाच "परतीची बैठक" असा रकाना ठेवा. नंतर पैसे उरत नाहीत आणि वेळही. एकेकट्याचा निकाल हा त्या माणसाचा, बंद पाकिटात, समजावून सांगणाऱ्या माणसासह द्या. यादी समाजमंदिराच्या भिंतीवर लावू नका, व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर नाहीच. सगळ्या वस्तीचं मिळून काय निघालं ते सभेत सांगा, आणि जे निघालं नाही तेही सांगा. औषधाने फरक पडला नाही, तर तसं म्हणा. लोक रागावत नाहीत. न सांगितल्यावर रागावतात.

परतीच्या बैठकीत पहिलं कोण बोलणार हेही आधी ठरवा. माझ्या मते, सुरुवातीला प्रश्न ज्यांनी दिले त्यांच्यापैकीच कुणीतरी.

आणि तुम्ही वस्तीतले असाल तर

तुम्हाला कुणी अभ्यासासाठी विचारायला आलं, तर हे विचारा: हे कुणाच्या पैशाने चाललंय? एथिक्स कमिटीची मंजुरी आहे का, आणि तिचा फोन नंबर या कागदावर कुठे आहे? मी नाही म्हटलं तर माझ्या उपचारात काही फरक पडतो का? त्रास झाला तर रात्री कुणाला फोन करू? माझा निकाल मला कधी आणि कुणाच्या हातून मिळेल?

घाईने सही मागितली तर कागद घरी न्या, दोन दिवस ठेवा, मुलीकडून वाचून घ्या. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्या कागदावर तारखेसह लिहून मागा.